खुराड्याची सळाख

आमच्या बुढ्याले आयुष्यात एकच काम धड आलं, दार बंद करणं. एकतीस वर्षं त्यानं तेवढंच केलं. धमतरीच्या छोट्या लाईनवर तो गेटमन होता. गाडी यायच्या आधी दोन्हीकडची फाटकं लावायची, झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी गेली का फाटकं उघडायची. तोंडावर मी त्याले 'तुम्ही'च म्हणते, अन् धर्मपाल म्हणून नावानं तं जन्मात हाक मारली नाही. पण इथं बुढाच म्हणीन. चाळीस वर्षं भाकरी थापल्यावर तेवढा हक्क मले असालेच पाहिजे.

लाईन बंद झाली, रूळ उखडले, बुढा पेन्शनीत निघाला. त्याच्या आधीच आम्ही नव्या राजधानीच्या अंगाले, गावाच्या शेवटाले दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. तवा चहूकडं मुरमाड रान होतं. मंग मशिनी आल्या, रान सपाट झालं, रुंद रस्ते झाले, त्याच्यावर दिवे लागले, अन् आमच्या बाजूले माणूस एकही राह्याले आला नाही. रानातली जनावरं बिचारी जातीन कुठं? ती आमच्याच वाडीत हिंडाले लागली.

कोंबड्या माह्या होत्या, खुराड्याचं दार त्याचं होतं. कोंबड्या वाढवल्या मी, दोन गावठी तलंगांपासून बावीस केल्या. त्यांची घाण काढली मी, औषध पाजलं मी. पण सांज झाली का बुढा उठायचा, मोजायचा, दार लावायचा, अन् दिवसभराचं काम आपणच केल्यासारखा हात झटकत यायचा. चालू द्या म्हटलं. रिकाम्या माणसाले काहीतरी पाहिजे.

पूस महिना लागला अन् एका पहाटे तीन कोंबड्या बिनमुंडक्याच्या दिसल्या. दाराची फळी खालून सडली होती. तिथून पंजा घालून कोणीतरी त्यांची मुंडकी ओढून नेली होती, अन् धडं तशीच आत पडली होती. शेजारचा दयाराम साहू आला, मातीत उकिडवा बसून ठसे पाह्यले त्यानं.

"ए तो बनबिलई के काम आय, दाई," दयाराम म्हणे. "रद्दा देख लिस, अब फेर आही."

म्हणजे रानमांजर. रस्ता पाहून गेलं, आता पुन्हा येईन.

त्याच इतवारी यशदीप आला, सोबत रीना. यशदीप आमचा एकुलता, शहरात तेलीबांध्याले पाचव्या माळ्यावर फ्लॅट आहे त्याचा. मराठी समजते त्याले सगळी, पण बोलते हिंदी. सूनबाई तं नोकरी करून करून हिंदीतच झोपते. दोघांनी मेलेल्या कोंबड्यांचं ऐकलं अन् एकमेकांकडं पाह्यलं. हेच बोलणं रस्त्यानं ठरवून आले होते, मले काय कळत नाही?

"बाबा, अब बस करो," यशदीप म्हणे. "आपकी आँख का ऑपरेशन हुआ है. मम्मी के घुटने गए. रात को कुछ हो गया तो यहाँ कौन है? चलो हमारे साथ."

"कोंबड्या खाल्ल्या मांजरानं. मी कुठं जाऊ त्याच्यासाठी?"

"बात मुर्गी की नहीं है. पिछले महीने आप चाबी बाहर ताले में छोड़कर बाजार चले गए थे."

बुढ्यानं खिसा चाचपला. चाबीची गोष्ट खरी होती. मंग तो उठला, बाहीवरची माती झटकली, अन् जसा कोणी मोठ्या साहेबासमोर उभा राहते तसा पोट्ट्यासमोर उभा राह्यला.

"एकतीस वर्षांत माहं गेट उघडं राह्यलं नाही. ज्या दिवशी माह्या हातानं हे खुराडं उघडं राहीन, त्या दिवशी मी पेटी उचलून तुह्या मागं येतो. हे घर तुले काय करायचं ते कर. पण तवापर्यंत मले काही म्हणू नको."

"पक्का?"

"पक्का."

बापलेकानं हात मिळवला. मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. घर माहंही होतं, पण मले कोणी विचारलं नाही. रीनानं तेवढं विचारलं, "मम्मी, चाय में शक्कर कम है ना?"

दुसऱ्या दिवशी बुढा कामाले लागला. दयारामची सब्बल मागून आणली अन् खुराड्याच्या चारी बाजूनं हातभर खोल नाली खणली. मुरूम असा कडक का सब्बल मारली तं हात झिणझिणायचे. त्याच्या तळहाताले फोड आले, फुटले, तो चिंध्या बांधून पुन्हा खणे. मी घमेल्यानं माती उचलली. बसलं तं उठता येत नव्हतं, उठलं तं बसता येत नव्हतं. जुनी मोठ्या छिद्राची जाळी काढून बारीक जाळी लावली, ती नालीत खाली पुरली, वरून विटांचे तुकडे दाबले. सागाच्या दोन फळ्या जोडून नवं दार केलं. ते वरून खाली खाचेत बसायचं, अन् त्याच्या आडवी, दोन लोखंडी कड्यांतून, बोटभर जाड सळाख जायची.

"कडी काय, नख अडकवून मांजर काढते," बुढा म्हणे. "सळाख काढाले माणसाचा हात लागते. हे ध्यानात ठेव, भीमा."

"ठेवलं. आता जेवा."

चार दिवस गेले त्याच्यात. पण दार खरंच असं झालं होतं का दयाराम येऊन हलवून गेला, त्याची बायको पाहून गेली. बुढ्याची छाती दोन बोटं फुगली.

इथपर्यंत ठीक होतं. पण बुढ्यानं त्याच्यावर आपल्या नोकरीचं लचांड आणून बसवलं. रेल्वेत गेटमन फाटक लावून स्टेशनले फोन करते. स्टेशनमास्तर त्याले एक आकडा देते, तो रजिस्टरात लिहिते. त्याले प्रायव्हेट नंबर म्हणते. नंबर झाला म्हणजे फाटक बंद झाल्याचं दोघांनी कबूल केलं. मंग गाडी सुटते. नंबर दिल्यावर, गाडी जाईपर्यंत, कोणी रडो का मरो, फाटक उघडायचं नाही. उघडावंच लागलं तं आधी स्टेशनले सांगून नंबर रद्द करायचा.

तर आमच्या घरी स्टेशनमास्तर मी. रोज दिवेलागणीले वाडीतून आवाज येणार, "एकोणीस आत. गेट बंद." मी चुलीवरून म्हणणार, "त्रेपन्न." का "अठ्ठ्याऐंशी." जो तोंडात येईन तो. बुढा आत येऊन एका जुन्या डायरीत तारीख, वेळ, नंबर लिहिणार. मी एखाद्या दिवशी रागानं बोलली नाही तं तसाच थंडीत उभा राह्यचा तिथं.

"कोणती गाडी येऊन राहिली जी?" मी म्हणायची. "राजिमची का धमतरीची?"

"तू नंबर दे."

दीड महिना एकही कोंबडी गेली नाही. रानमांजर येऊन गेल्याचं समजे, दाराच्या फळीवर नखांचे ओरखडे राहत. बुढा सकाळी त्याच्यावरून बोट फिरवे. यशदीपचा फोन आला का पहिलं वाक्य ठरलेलं, "एकोणीसच्या एकोणीस आहेत, सांग तुह्या बायकोले."

माह्या मनात तवा काय होतं, तेही सांगते. गावच्या बोरचं पाणी आमच्या घरापासून दोनशे पावलांवर. सकाळी सहा खेपा. त्या पुसाच्या थंडीत पाण्यानं बोटं आकडत अन् गुडघ्यात कोणी खिळा ठोकल्यासारखं होई. तेलीबांध्याले नळ आहे. न्हाणीत गरम पाण्याची टाकी आहे. एक डाव राह्यली होती मी तिथं चार दिवस, रीनाले ताप होता तवा. ते गरम पाणी गुडघ्यावर घेतलं होतं. पण हे मी कोणाले बोलली नाही. बुढ्याले तं नाहीच.

माघाची गोष्ट. त्या सांजेले बुढ्यानं मोजल्या, "एकोणीस," म्हणे, "गेट बंद." मी म्हटलं, "एकसष्ट." तो आत आला, डायरीत लिहिलं, हातपाय धुतले, भिंतीले टेकून बसला. त्याच्या मोजण्यात एक चुकली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी सांजेचं त्याले कमीच दिसते. मी चुलीचं लाकूड आणाले मागं गेली तं पैऱ्याच्या ढिगाआड खुडूक बसलेली तांबडी कोंबडी. धानाच्या त्या काडात तिनं चोरून घर केलं होतं.

आता बुढ्याले सांगतलं असतं तं काय झालं असतं? आधी नंबर रद्द. मंग सगळ्या कोंबड्यांची पुन्हा मोजणी. मंग दार, मंग 'गेट बंद', मंग नवा नंबर, मंग डायरी. अन् वरून, मोजण्यात माही चूक झाली कशी, म्हणून रातभर तेच. मले कंटाळा आला. खरंच सांगते, नुसता कंटाळा. चुलीवर दूध होतं. मी पदर खोचला, तांबडीले दोन्ही पंखांखाली धरलं, सळाख काढून भिंतीले टेकवली, फळी वर केली, तिले आत लोटलं. तिनं मनगटाले चोच मारली, रक्त आलं. मी फळी खाली सोडली. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला अन् मी धावली.

सळाख घालाची राहून गेली.

जेवताना मनगट झोंबत होतं. बुढ्यानं विचारलं काय झालं. मी म्हटलं, लाकडाची चीप गेली.

पहाटे दयारामच्या कुत्र्यानं आवाज केला. बुढा आधी उठला. मी ऐकलं, तो वाडीत गेला अन् मंग काहीच आवाज नाही. बराच वेळ नाही. मी शाल घेऊन गेली.

फळी अर्धी उचललेली, तिरपी अडकून होती. आत सगळं पिसांचं अन् रक्ताचं. जनावरानं खाल्ल्या असतीन दोन, बाकीच्या नुसत्या मारून टाकल्या होत्या. कोणाची मान मोडलेली, कोणाचं पोट उघडं. कोंबडा दारातच पडला होता, त्याचे पाय अजून हलून राहिले होते. तांबडी कोपऱ्यात होती, मेलेली. तीन तेवढ्या जांभाच्या झाडावर जाऊन बसल्या होत्या, खाली यायले तयार नव्हत्या. धुकं होतं. बुढा उघड्या पायानं त्या घाणीत उभा होता अन् त्याच्या हातात ती सळाख होती.

"हे भिंतीले टेकलेली होती," तो म्हणे.

मी कोपऱ्यातल्या तांबडीकडं पाह्यलं.

"म्हणजे मी घातलीच नाही." मंग त्यानं माह्याकडं पाह्यलं. "भीमा, मी गेट बंद म्हटल्यावर तू तं नाही नं आली इकडं?"

एवढंच विचारलं त्यानं. साधं विचारलं, चिडून नाही. मी 'हो' म्हणायले तोंड उघडलं होतं, माह्या देवाच्यान, उघडलं होतं. पण त्याचा चेहरा पाह्यला अन् भीती वाटली. आता हा काय म्हणीन, चाळीस वर्षांचं सगळं काढीन. अन् भीतीच्या मागून, तिथंच, मेलेल्या कोंबड्यांसमोर, मले ते गरम पाणी आठवलं.

"नाही," मी म्हटलं. "मी कायले येऊ?"

बुढ्यानं मान हलवली. त्यानं माहं लगेच मानलं. त्याले स्वतःवर शक घ्याले सोपं गेलं, माह्यावर नाही.

मंग त्यानं खड्डा खणला. दयाराम म्हणे मी खणतो कका, तं त्याले हात लावू देला नाही. सोळा कोंबड्यांपैकी दोन तं जनावरानं नेल्या, चौदा पुरल्या. एकेक पाय धरून ठेवत होता, टाकत नव्हता. घाम नाकावरून गळत होता थंडीत. मधात थांबून तो आपल्या उजव्या हाताकडं पाहे, बोटं उघडे, मिटे.

"हात तं घातल्यासारखा याद आहे," तो म्हणे. "सळाख थंड होती, हेही याद आहे. कालची याद असीन का परवाची?"

मी पाणी आणाच्या नावानं आत गेली.

यशदीपले फोन त्यानं स्वतः केला. "माह्यानं दार उघडं राह्यलं," म्हणे. "ये घेऊन जा." पोट्टा दुपारी गाडी घेऊन हजर. वाईट वाटलं त्याले, मी नाही म्हणत नाही. पण दयाराम, त्याची बायको, वाटंनं जाणारे दोन लोक, सगळे उभे होते, अन् त्यांच्यासमोर त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बाबा, आज कौन सा दिन है?"

"काहून?"

"ऐसे ही. बताओ ना."

बुढा एकतीस वर्षं तारीख, वेळ, मिनिट लिहीत आला. सकाळपासून खणून त्याचं डोकं सुन्न झालं होतं. तो गडबडला. "बुधवार," म्हणे. होता गुरुवार. रीनानं यशदीपकडं पाह्यलं. दयारामनं मान खाली घातली. बुढ्यानं ते सगळं पाह्यलं.

"गुरुवार, गुरुवार," तो म्हणे. पण तवापर्यंत कोणी ऐकून नव्हतं राहिलं.

तीन कोंबड्या दयारामले देल्या. जांभाच्या झाडावरून त्यांना खाली उतरवाले सांज झाली. घराले कुलूप यशदीपनं लावलं, हलवून पाह्यलं, अन् चाबी आपल्या खिशात टाकली. बुढा गाडीत मागं बसला होता. त्यानं मान वळवली नाही.

तेलीबांध्याले आता चौथा महिना. नळाले पाणी आहे, चोवीस तास. माहे गुडघे निम्मे बरे झाले. बुढ्याले डॉक्टरनं गोळ्या देल्या, याददाश्तीच्या. रीना हापिसात जाताना गॅसचं बटन खालून बंद करून जाते अन् माचिस आपल्या कपाटात ठेवते. "बाबा, बुरा मत मानना," म्हणते. तो मानत नाही. बुढा आता कशालेच हात लावत नाही. पंखा लावायचा तं मले विचारते, लावू का. न्हाणीतून आला का विचारते, नळ बंद केला नं मी? पाह्य वं जरा. मी पाह्यते. बंद असते. रोज बंद असते. बेल वाजली तं हा माणूस दाराजवळ बसून राहते, उघडत नाही, कारण मंग लावा लागीन.

मले वाटलं होतं, दोन महिन्यानं बुढा विसरीन. दुसऱ्याचं घर आहे, नवीन आहे, रुळीन. उलटं झालं. तो दिवसेंदिवस लहान होत गेला अन् मी गरम पाण्यानं गुडघे शेकत पाहत राह्यली. थू माह्या जिंदगीवर.

परवा रीना-यशदीप लग्नाले गेले होते. आम्ही दोघंच जेवलो. जेवण झाल्यावर तो ताट घेऊन उभा राह्यला अन् म्हणे, "हे कुठं ठेवायचं? मी चुकीच्या जागी ठेवतो म्हणते ती." तवा माह्यानं राहवलं नाही.

"बसा जी," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही सळाख घातली होती."

तो ताट हातात धरूनच बसला.

सगळं सांगतलं. तांबडी पैऱ्याआड होती. तुम्ही एकोणीस म्हटल्या, पण अठराच आत होत्या. तुम्ही आत येऊन बसल्यावर मी गेली, मी सळाख काढली, मी भिंतीले टेकवली, दूध उतू गेलं अन् मी धावली. चोचीचा वण अजून मनगटावर आहे, तो दाखवला. सांगता सांगता रडू आलं, तरी थांबली नाही. तुमची काही चूक नव्हती. तुमचं डोकं ठीक आहे. मी खोटं बोलली.

बुढ्यानं पूर्ण ऐकलं. मंग हातातलं ताट खाली ठेवलं, माह्या मनगटावरून अंगठा फिरवला.

"हे लाकडाची चीप गेली होती तुले," तो म्हणे. "तूच सांगतलं होतं."

"ते खोटं होतं."

"मंग मी सकाळी विचारलं, तवा काहून नाही सांगतलं? एक शब्द सांगाचा होता. मी काय मारलं असतं तुले? दुसरी सळाख बनवली असती, दुसऱ्या कोंबड्या आणल्या असत्या. घर राह्यलं असतं. हे तुले माहीत होतं, तरी नाही सांगतलं. काहून?"

मले उत्तर माहीत होतं. मले इथं यायचं होतं. हे एवढं एक वाक्य म्हटलं असतं तं त्यानं सगळं मानलं असतं. बुढा माह्या तोंडाकडं पाहत थांबला. बराच थांबला, मले वेळ देला त्यानं. माहे ओठ हलले, पण ते वाक्य काही आलं नाही.

"पाह्य," तो म्हणे, अन् हसला, चार महिन्यांत पहिल्यांदा. "जे झालंच नाही, त्याचं उत्तर कुठून येईन? मले बरं वाटावं म्हणून तू असं रचून सांगून राहिली. नको सांगू. तुले खोटं बोलता येत नाही."

अन् त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं माहे डोळे पुसले.